एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये गवत लाल आणि पाणी जांभळं दिसतं, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ आहे. त्यावर मूळ सीडीवरून 'एज ऑफ एम्पायर्स २' आणि त्याची पुरवणी 'द कॉन्करर्स' बसवलेले आहेत. सुरुवातीचा मेनू जेमतेम बरा दिसतो, पण प्रत्यक्ष खेळात गवतावर लाल-हिरवे ठिपके येतात, पाणी जांभळं होतं आणि गावकऱ्यांच्या चेहऱ्यावर चट्टे दिसतात. दुरुस्तीवाल्याने ग्राफिक्स कार्ड गेलं असं सांगून नवीन घ्यायला सांगितलं. तोच खेळ तुम्ही यूएसबीची सीडी ड्राइव्ह लावून विंडोज ११ च्या लॅपटॉपवरही बसवला. तिथे रंग ठीक आहेत, पण चित्र आडवं ताणलेलं दिसतं, माउसचा बाण एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे लागतो, आणि ऑल्ट-टॅब करून परत आलं की पडदा काळा. दिवाळीत भावंडं जमतील तेव्हा दोन्ही मशीनवर खेळायचं आहे, म्हणून नवीन कार्ड घ्यायचं का, हा तुमचा प्रश्न.

कार्ड घेऊ नका. तुमचं कार्ड चांगलं आहे, आणि हे मी मशीन न पाहता सांगू शकतो, कारण तुम्ही बिघाडाचं वर्णन फार नेमकं केलं आहे. वीस-बावीस वर्षं संगणक दुरुस्ती केल्यावर पडद्यावरच्या बिघाडाबद्दल मी एक सवय लावून घेतली आहे: आधी आकार पाहायचा, रंग नंतर. आकार जागच्या जागी आहेत का? झाड झाडासारखं दिसतं का, घराच्या कडा सरळ आहेत का, माणूस चालताना पाय नीट उचलतो का? तुमच्याकडे हे सगळं बरोबर आहे, फक्त रंग चुकलेत. कार्डाची मेमरी बिघडली की सहसा असं होत नाही. तेव्हा आकारच फाटतात, चौकटी-चौकटींचा कचरा पडद्यावर पसरतो, उभ्या रेघा येतात. आकार शाबूत आणि रंग चूक म्हटलं की माझा संशय सरळ एका जागी जातो, तो म्हणजे रंगांच्या यादीवर.

ही यादी काय भानगड आहे ते नीट समजून घ्या, कारण एकदा ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात.

दारात मोठी रांगोळी काढायची आहे असं धरा. शेजारी रंगांचे २५६ डबे ओळीने मांडलेत आणि प्रत्येकावर ० ते २५५ असा आकडा टाकलाय. रांगोळीचा नकाशा ज्या कागदावर आहे त्यावर रंगांची नावं नाहीत, फक्त आकडे आहेत: या घरात ४७, शेजारी ४८, त्यापुढे ११२. काढणारी बाई आकडा वाचते, त्या डब्यात हात घालते आणि चिमूट सोडते. आता मध्येच कोणी येऊन ४७ नंबरच्या डब्यातला हिरवा रंग काढून त्यात लाल ओतला, तर काय होईल? नकाशा बिघडलेला नाही, बाईचा हातही चुकलेला नाही. पण जिथे जिथे ४७ लिहिलंय तिथे तिथे लाल रंग पडणार.

१९९९ साली आलेला हा खेळ अगदी असाच रंगतो. एन्सेम्बल स्टुडिओजने तो बनवला तेव्हा ३२ एमबी रॅम आणि साधं पेंटियम यंत्र असलेल्या घरांतही तो चालायला हवा होता. ८०० बाय ६०० च्या पडद्यावर ४,८०,००० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला खरा रंग द्यायचा तर चार-चार बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला १९,२०,००० बाइट. पण ठिपक्याला फक्त डब्याचा आकडा दिला तर एकच बाइट पुरतो आणि काम ४,८०,००० मध्ये भागतं. चौपट बचत. शेकडो सैनिक, हत्ती आणि जहाजं एकाच वेळी पडद्यावर हलवायची तर तेव्हाच्या यंत्रांना हाच मार्ग परवडणारा होता. डब्यांच्या या ओळीला पॅलेट म्हणतात.

या पद्धतीतली एक गोष्ट मला आजही सुंदर वाटते. खेळात आठ खेळाडूंचे आठ रंग असतात, पण प्रत्येक रंगाच्या सैनिकाचं चित्र वेगळं काढलेलं नाही. पॅलेटमध्ये प्रत्येक खेळाडूच्या रंगछटांची रांग ठरलेली आहे: निळ्याची १६ नंबरपासून, लालची ३२ पासून, हिरव्याची ४८ पासून, याप्रमाणे सोळा-सोळाच्या अंतराने. सैनिकाच्या अंगरख्याच्या जागी 'खेळाडूच्या रांगेतली तिसरी छटा' एवढंच लिहिलेलं असतं. रांग बदलली की तोच सैनिक निळ्याचा लाल होतो. चित्र एक, मालक आठ.

आता तुमच्या विंडोज ७ कडे येऊ. २५६ रंगांच्या काळात विंडोजने स्वतःच्या खिडक्या आणि बटणं नीट दिसावीत म्हणून डब्यांपैकी २० स्वतःकडे राखून ठेवले होते, दहा ओळीच्या सुरुवातीचे आणि दहा शेवटचे. पूर्ण पडदा व्यापणारा खेळ सुरू झाला की तो विंडोजला सांगतो, 'मी आहे तोवर हे डबेही माझे.' विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात हा व्यवहार सुरळीत चालायचा. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये मात्र डेस्कटॉप रंगवण्याची सगळी व्यवस्था बदलली. खेळ सुरू झाल्यावरही मागे एक्सप्लोरर चालूच असतो, म्हणजे तोच प्रोग्रॅम जो तुमचा टास्कबार आणि आयकॉन दाखवतो. तो अधूनमधून स्वतःचे रंग डब्यांत परत ओततो. खेळाला याचा पत्ता नसतो. तो बिचारा आकडे बरोबरच देत राहतो आणि पडद्यावर गवत लाल होतं.

म्हणूनच हा बिघाड लहरी असतो. एखाद्या दिवशी तासभर सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटाला जांभळं पाणी. ही लहर पाहूनच दुरुस्तीवाल्यांना 'कार्ड तापतंय' असं वाटतं. माझ्याकडे एक गृहस्थ याच तक्रारीचं मशीन घेऊन आले होते. त्याआधी दुसरीकडे त्यांचं कार्ड बदलून झालं होतं, रॅम बदलून झाली होती, दोनदा फॉरमॅटही झालं होतं, आणि गवत लालच होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार. मी त्यांच्यासमोर टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर बंद केला आणि खेळ लावला. हिरवंगार गवत पाहून ते खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांचे गेलेले पैसे आठवले की मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला इतकं विस्ताराने लिहितोय.

पहिली परीक्षा तुम्हीही तीच करा. खेळ बंद असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसेसच्या यादीत एक्सप्लोरर डॉट एक्झी शोधून ती बंद करा. टास्कबार आणि आयकॉन गायब होतील, घाबरू नका. त्याच टास्क मॅनेजरच्या फाइल मेनूत नवीन टास्कचा पर्याय आहे, तिथून ब्राउझ करत खेळाच्या फोल्डरात जा आणि खेळ सुरू करा. कॉन्करर्सची एक्झी, म्हणजे खेळ सुरू करणारी फाइल, मुख्य फोल्डरात नसते, आतल्या एज२_एक्स१ नावाच्या फोल्डरात असते. अनेक जण बाहेरच शोधत बसतात. खेळून झालं की पुन्हा नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर टाइप करा, डेस्कटॉप जसाच्या तसा परत येईल. या परीक्षेत रंग सुधारले तर निदान पक्कं झालं, कार्डाचा विषय तिथेच संपला.

तुम्ही कदाचित आणखी एक तोडगा ऐकला असेल: डेस्कटॉपवर राइट क्लिक करून स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडायची आणि ती तशीच ठेवून खेळ लावायचा. विचित्र वाटतं, पण विंडोज ७ वर हे पुष्कळ मशीनवर चालतं. अर्थात दरवेळी चालेलच असं नाही. पाहुणे येऊन बसलेत आणि घाई आहे, अशा वेळेपुरता ठीक.

कायमचा उपाय म्हणून दोन रस्ते आहेत. एक रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग जिथे साठवतं त्या नोंदवहीचा. डायरेक्टड्रॉ ही पडद्यावर चित्र काढण्याची विंडोजची जुनी सोय, आणि ती वापरणाऱ्या खेळांसाठी विंडोजमध्ये सवलतींची एक यादी ठेवलेली असते. तिच्यात तुमच्या खेळाच्या नावाची नोंद करून एक विशिष्ट खूण दिली की विंडोज त्या खेळाच्या पॅलेटला हात लावत नाही. त्यासाठी खेळ एकदा चालवून बंद करायचा, मग रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, डायरेक्टड्रॉ या वाटेने जाऊन 'मोस्ट रिसेंट अ‍ॅप्लिकेशन' पाहायचं. तिथे खेळाचं नाव आणि एक ओळख क्रमांक सापडतो. शेजारच्या 'कंपॅटिबिलिटी' विभागात नवीन नोंद करून तेच नाव, तोच क्रमांक आणि फ्लॅग म्हणून ०० ०८ ०० ०० हे चार बाइट लिहायचे. ६४ बिटचं विंडोज असेल तर ही सगळी वाट वाऊ६४३२नोड नावाच्या विभागाच्या आतून जाते. लोक दोनच ठिकाणी अडखळतात: एक तर हा आतला विभाग विसरतात, नाहीतर ओळख क्रमांकाचे बाइट सरळ लिहितात. ते उलट्या क्रमाने लिहावे लागतात, शेवटची जोडी आधी. हात घालण्यापूर्वी तो विभाग एक्स्पोर्ट करून ठेवा. रजिस्ट्रीत चुकीचं काही पुसलं गेलं तर खेळ राहील बाजूला, मशीनच उभं राहणार नाही.

मी स्वतः मात्र आता दुसरा रस्ता घेतो, आणि तुम्हालाही तोच सांगेन. त्याला रॅपर म्हणतात. खेळ आणि विंडोज यांच्यामध्ये बसणारा हा दुभाषा. खेळाला पडद्यावर चित्र काढायचं असतं तेव्हा तो डीड्रॉ डॉट डीएलएल नावाच्या फाइलला हाक मारतो. त्याच नावाची दुसरी फाइल खेळाच्या एक्झीशेजारी ठेवली की खेळाची हाक आधी तिला ऐकू जाते. ही फाइल खेळाकडून डब्यांचे आकडे घेते, डब्यांची यादीही स्वतःजवळ ठेवते, आकड्यांचे खरे रंग स्वतःच करते आणि तयार झालेलं ३२ बिटचं, म्हणजे ठिपक्याला चार बाइटचं, चित्र डायरेक्टथ्रीडी किंवा ओपनजीएल या चित्र काढण्याच्या नव्या सोयींमार्फत आजच्या कार्डाला देते. म्हणजे डबेच घरात आणून दार लावून घेतलं. बाहेर एक्सप्लोररने काहीही ओतलं तरी रांगोळीला धक्का लागत नाही.

या कामासाठी सीएनसी-डीड्रॉ हा मुक्त स्रोत रॅपर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मुळात 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेतल्या खेळांसाठी लिहिलेला, पण २५६ रंगांच्या कितीतरी खेळांना लागू पडतो. डीजीव्हूडू २ सुद्धा चांगला आहे. त्याचा आवाका मोठा, विंडोजच्या खेळांसाठीच्या डायरेक्टएक्स या संचाच्या पहिल्या आवृत्तीपासून नवव्यापर्यंत आणि जुन्या व्हूडू कार्डांच्या 'ग्लाइड' या चित्रपद्धतीपर्यंत. फक्त जुन्या कार्डाच्या मशीनवर तो जड जाऊ शकतो, म्हणून तुमच्या डेस्कटॉपला पहिलाच बरा.

बसवणं सोपं आहे. झिप उघडा, आतल्या सगळ्या फाइल कॉन्करर्सच्या एक्झीशेजारी, म्हणजे एज२_एक्स१ फोल्डरात टाका. नुसता पहिला भाग खेळत असाल तर त्याची एक्झी मुख्य फोल्डरात आहे, तिथेही एक प्रत लागेल. सोबत आलेला सेटिंगचा प्रोग्रॅम उघडून सादरीकरण 'बॉर्डरलेस' ठेवा आणि चित्राचं प्रमाण राखण्याच्या पर्यायावर खूण करा. रेंडररला, म्हणजे चित्र कोणत्या सोयीने काढायचं त्या पर्यायाला, 'ऑटोमॅटिक'वर राहू द्या. काळा पडदा आला तरच डायरेक्टथ्रीडी ९ निवडून पाहा.

याआधी एक काम विसरू नका. एक्झीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, आणि तिथल्या सगळ्या खुणा काढा. २५६ रंग, ६४० बाय ४८०, एक्सपी मोड, जे काही वर्षानुवर्षं कोणाकोणाच्या सल्ल्याने लावलेलं असेल ते सगळं. रॅपर एकीकडे ३२ बिटचं चित्र बनवतोय आणि दुसरीकडे विंडोजला २५६ रंग लादायला सांगितलंय, अशा ओढाताणीत नवेच बिघाड तयार होतात आणि मग दोष रॅपरला जातो.

आणखी एक कळकळीचं सांगणं. रॅपर त्याच्या मूळ प्रकल्पाच्या गिटहबवरच्या पानावरूनच घ्या. 'डीएलएल फाइल मोफत डाउनलोड' असं शोधून जी संकेतस्थळं मिळतात तिथून काहीही उचलू नका. खेळाच्या फोल्डरात टाकलेली डीएलएल तुमच्या नावावर, तुमच्या परवानगीने चालते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबवली आहे, त्यामुळे त्या डेस्कटॉपवर मुळात इंटरनेटच नको. फाइल लॅपटॉपवर उतरवा, तिथे तपासा आणि पेनड्राइव्हने न्या.

लॅपटॉपवर रंग का बिघडत नाहीत, याचंही उत्तर याच गोष्टीत आहे. विंडोज ८ पासून कार्डाला खरोखर २५६ रंगांच्या स्थितीत नेणं बंद झालं. खेळाने तशी मागणी केली तर विंडोज नुसता तसा आभास निर्माण करतं आणि आतून सगळं ३२ बिटमध्ये चालवतं. डबे खेळाला दाखवण्यापुरतेच आहेत, त्यामुळे एक्सप्लोररला ओतायला काही उरलंच नाही. ही नक्कल कधीकधी अपुरी पडते आणि तेव्हा कंपॅटिबिलिटीतला कमी रंगांचा पर्याय, ८ बिट, लावून पाहायचा असतो. तुम्हाला त्याची गरज नाही.

तुमच्या लॅपटॉपच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका.

ताणलेलं चित्र हा साधा हिशेब आहे. खेळ १०२४ बाय ७६८ मध्ये चालतो, म्हणजे चार-तीनच्या प्रमाणात. लॅपटॉपचा पडदा सोळा-नऊचा. चित्र पूर्ण पडदाभर पसरवलं की रुंदी जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. टाउन सेंटर बसकं दिसतं, घोडे लांबुडके होतात. रॅपरमध्ये प्रमाण राखलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि चित्र बरोबर दिसेल. पूर्ण रुंदी वापरायचीच असेल तर कॉन्करर्ससाठी यूजरपॅच नावाचं चाहत्यांनी केलेलं सुधारणांचं काम आहे. त्यात रुंद पडद्याची सोय आहे आणि नकाशाचा जास्त भाग दिसतो. पण एकत्र खेळायचं तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर एकाचा खेळ दुसऱ्याशी जुळणार नाही. पडद्याच्या मापांबद्दल आणखी एक: १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर खेळातलं १२८० बाय १०२४ कधीच निवडू नका. ७६८ उंचीच्या पडद्यात १०२४ उंचीचं चित्र मावणार कुठे? खालची बटणांची पट्टी कापली जाते, नाहीतर सगळं आक्रसून अक्षरं पुसट होतात.

बाण एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे, हे विंडोजच्या मोठ्या अक्षरांमुळे होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के असेल. जुन्या खेळाला ते कळत नाही, आणि विंडोज आपल्या मनाने चित्र मोठं करतं. एक्झीच्या कंपॅटिबिलिटीत हाय डीपीआय (दाट ठिपक्यांच्या पडद्याची) सेटिंग उघडा, स्केलिंगचा अधिकार 'अ‍ॅप्लिकेशन'कडे द्या. वर सगळ्या खुणा काढायला सांगितल्या, त्याला हा एक अपवाद. बाण नुसता लुकलुकत असेल किंवा मागे शेपूट सोडत असेल तर तो निराळा आजार. त्यासाठी शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक जागा सोडून नॉर्मलमाउस हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग लिहा. मग खेळ स्वतःचा बाण न काढता विंडोजचा वापरतो.

काळ्या पडद्याचं कारण असं. पूर्ण पडदा व्यापलेला खेळ सोडून तुम्ही बाहेर गेलात की कार्डाच्या मेमरीतलं त्याचं चित्र विंडोज काढून घेतं. परत आल्यावर खेळाने ते नव्याने भरायचं असतं, आणि १९९९ च्या या प्रोग्रॅमला ते दरवेळी जमत नाही. बॉर्डरलेस खिडकीत मुळात पडदा ताब्यात घेतलेलाच नसतो, त्यामुळे काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. रॅपर बसवल्यावर ही तक्रार आपोआप जाईल.

एकत्र खेळण्यासाठी विंडोज ११ मध्ये लेगसी कंपोनंट्स (जुन्या सोयी) खालचं डायरेक्टप्ले, म्हणजे जुन्या खेळांची मशीन एकमेकांशी जोडणारी सोय, चालू करावं लागेल, विंडोज बहुधा स्वतःच विचारेल. आणि तुमची सीडी चालली यात समाधान माना. त्या काळातल्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं, नक्कल रोखणारं कुलूप असे. विंडोज १० पासून ते उघडतच नाही, आणि विंडोज ७ वरही सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा दुरुस्तीने ते बंद केलं. असा खेळ सुरूच होत नाही, तिथे रंगांपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

आता समजा, माझं निदान चुकलं आणि एक्सप्लोरर बंद करूनही रंग तसेच राहिले. तेव्हा काय पाहायचं? मशीन चालू करताना विंडोजच्या आधी जो बायोसचा पडदा येतो, तिथेही ठिपके किंवा रेघा आहेत का? असतील तर यंत्राचाच दोष आहे, खेळाचा संबंध नाही. सगळ्या पडद्यावर, अगदी डेस्कटॉपवरही एकच रंग गायब असेल, पांढरं निळसर-हिरवं दिसत असेल, तर आधी व्हीजीए केबल काढून तिच्या पिना पाहा. पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. एक पिन वाकली की एक रंग जातो. केबल बदलून पाहायला दोन मिनिटं लागतात. खेळ अर्धा तास चालल्यावरच कचरा दिसायला लागत असेल तर कार्डाच्या पंख्यावरची धूळ झाडा. आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. तिथेही तसंच दिसलं, तर मग कार्डाचा विचार करा. त्याआधी नाही.

या परीक्षेत प्रिंट स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. २५६ रंगांच्या खेळाचं चित्र चिकटवताना त्या क्षणीच्या डब्यांप्रमाणे रंग बदलू शकतात, पडद्यावर चूक आणि चित्रात बरोबर, किंवा नेमकं उलट. मोबाईलने सरळ पडद्याचा फोटो काढा.

हेच दुखणं त्या पिढीतल्या इतर खेळांनाही आहे. १९९७ चा पहिला 'एज ऑफ एम्पायर्स', १९९८ चा मूळ 'स्टारक्राफ्ट', सगळे डब्यांचेच खेळ, आणि औषधही तेच. पण तुमच्या भावंडांपैकी कोणी 'जीटीए: व्हाइस सिटी' आणलं तर हे उपाय तिथे लावू नका. तो संगणकावर २००३ साली आलेला त्रिमितीय खेळ, त्यात असं पॅलेट नाही. तिथल्या विचित्र गोष्टी बहुतेक वेळा फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची यावरची मर्यादा, बंद केल्याने सुरू होतात, तो आधी चालू करा.

२०१३ ची एचडी आवृत्ती किंवा २०१९ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती घेतली तर यातलं काहीच करावं लागणार नाही, हे खरं आहे. डेफिनिटिव्हच्या २०२२ च्या पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जरही आहेत, मला ती आवडते. पण तुमच्या डेस्कटॉपला ती पेलणार नाही, आणि तुम्ही स्वतः केलेले जुने नकाशे त्याच मशीनवर, त्याच रूपात उघडायचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती इच्छा रास्त आहे आणि पूर्ण होण्यासारखी आहे.

तेव्हा आधी खेळाचं सगळं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, नकाशांसकट. मग डेस्कटॉपवर रॅपर टाका आणि 'आयलंड्स'चा नकाशा आठ खेळाडूंसह लावा. तिथे गवत, वाळू आणि पाणी एकाच पडद्यात येतात. उजवीकडच्या कोपऱ्यातल्या गुणांच्या यादीत आठ नावं दिसतील: निळं, लाल, हिरवं, पिवळं, आकाशी, जांभळं, करडं आणि नारिंगी. ती आठही वेगळी आणि स्वच्छ दिसली पाहिजेत. मग गावकऱ्याला किनाऱ्यापर्यंत चालवत न्या आणि ओल्या वाळूची कड पाहा. पहिले ठिपके मला बहुतेक वेळा तिथेच सापडलेत. तासभर खेळा, मध्ये चार-पाच वेळा ऑल्ट-टॅब करा, आवाज कमी-जास्त करा. एवढं करूनही कड स्वच्छ राहिली तर लॅपटॉपवर तेच करायला घ्या.